निळ्या बाटलीतले दहा थेंब

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद. पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचे असतात म्हणून लिहिले आहेत. मनापासून आले की वेगळे कळवीन.

मी बरी आहे. घर जागेवर आहे. वरच्या मजल्यावरचे अजून बाल्कनी धुतात, पाणी आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं आणि मी अजून जिन्यात उभी राहून त्यांचा उद्धार करते. तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकबाईंचा फोन आला होता. पहिले दोन महिने भेट नाही, तुझ्याशी फोन नाही, फक्त पत्रं. आणि पत्रात मनातलं अगदी मोकळेपणानं लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, विचार करून बोला. त्या म्हणाल्या, लिहा. तेव्हा आता वाच.

मला तुझा राग आलाय. दारूचा आहेच, पण त्याहून जास्त थापांचा आहे. 'ताई, एकच घेतली.' 'ताई, खोकल्याचं औषध आहे.' 'ताई, शिडी हलली म्हणून पडलो.' चाळिशी उलटलेला माणूस, लोकांच्या घरी विजेच्या तारा जोडतो, आणि तोंड उघडलं की थाप. दर शनिवारी खोलीचं दार लावून दोन-दोन तास त्या टाकीचं पाणी बदलत बसायचास. मी सगळ्यांना कौतुकानं सांगायची, आमच्या धाकट्याला मुक्या जिवाची किती काळजी. तू गेल्यावर टाकीखालचं कपाट आवरायला घेतलं तर फिल्टरच्या खोक्यामागे सात रिकाम्या बाटल्या. मी तिथंच फरशीवर बसले आणि एकटीच मोठ्यानं ओरडले. ऐकायला फक्त तुझा मख्ख्या होता.

आणि हे ध्यान माझ्या गळ्यात मारून गेलास. शेजारीण परवा टाकीला नाक लावून म्हणाली, हे नक्की आहे तरी काय? मी म्हटलं, ॲक्सोलॉटल. म्हणजे? म्हणजे सरड्यासारख्या अंगाचा, वीतभर लांब, जन्मभर पाण्यातच राहणारा, डोक्याच्या दोन्ही अंगांना पिसांसारखे तीन-तीन कल्ले, आणि आपण शिव्या घातल्या तरी हसतोय असं तोंड. ती म्हणाली, चावतो का? मी म्हटलं, तो नाही, मी चावते.

तुझी चार पानी सूचनापत्रिका भिंतीला चिकटवली आहे. पाणी गार ठेव. गांडुळं धुऊन दे. नळाच्या पाण्याच्या प्रत्येक बादलीत निळ्या बाटलीतले दहा थेंब टाक, आणि त्याखाली दोन रेघा. मला दोन रेघा. बावीस वर्षं मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते आहे, अख्खं शहर माझ्या हाताखालून गेलेलं पाणी पितं, आणि हा मला पाणी शिकवतो.

असो. सगळं तुझ्या सूचनांप्रमाणे चाललंय. मख्ख्या मजेत आहे. पूर्वी सदानकदा तळाशी पडून असायचा, आता दिवसातून कितीदा तरी वर येऊन तरंगतो आणि माझ्याकडे बघत राहतो. त्याला तुझ्यापेक्षा मी आवडत असणार.

जेवत जा. तिथल्या लोकांशी नीट बोल.

ताई


१५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळींचं पत्र, त्यातल्या चार ओळी मख्ख्याच्या. तो वर फार येतो का, शेपटीचं टोक वाकलंय का, कल्ले पुढे वळलेत का, खातो का. पाचवी ओळ तू खोडली आहेस, तीही कागद फाटेपर्यंत. ताई कशी आहे, तिची कंबर कशी आहे, तिनं त्या सात बाटल्या कशा टाकून दिल्या, शेजारपाजारच्यांना काय सांगितलं, यातलं काही विचारावंसं वाटलं नाही? जनावराची चौकशी. बहीण काय, भिंतीतला खिळा.

तर ऐक. तुझं जनावर ठणठणीत आहे. शेपूट जिथं असते तिथं आहे. कल्ले सहाच्या सहा आहेत. खाण्याचं म्हणशील तर सध्या जरा कमी, पण दिवसभर नुसतं पडून राहणाऱ्याला भूक लागणार तरी कशी?

आणि पाण्याची काळजी तू करूच नकोस. मी प्रयोगशाळेतून तपासणीच्या गोळ्या आणल्या आहेत. पाण्यात क्लोरीन असेल तर गोळी टाकल्यावर पाणी गुलाबी होतं. झालं नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा शून्य. अमोनिया थोडा दिसतो, तो त्याच्याच घाणीचा, म्हणून आता रोज अर्धं पाणी बदलते. आदल्या दिवशी बादल्या भरून उघड्या ठेवते, क्लोरीन उडून जातो, शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. कामावरून आल्यावर चहासुद्धा न घेता आधी बादल्या उचलते. कंबर कशी आहे ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते, मोडायला आली आहे.

कामावर नवीन काही नाही. मी नदीहून आलेलं कच्चं पाणी तपासते आणि पलीकडच्या टेबलावरची बाई शुद्ध केलेलं, हे तुला माहीत आहे. ती चार महिने माझ्याशी बोलत नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की तिला साधं मोजमाप कळत नाही. आता एका खोलीत दोन बायका आणि मध्ये नुसता नळाचा आवाज. मला काही फरक पडत नाही.

पुढच्या पत्रात काही खोडू नकोस. जे लिहायचं ते लिही, मी काही खात नाही तुला.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र बसून वाच.

मागच्या दोन्ही पत्रांत मी तुला खोटं लिहिलं. मख्ख्या ठणठणीत नाही. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो वर येऊन तरंगायचा ते मला लाडात आलाय असंच वाटलं होतं, एवढं सोडून बाकी खोटं. दुसरं पत्र लिहिलं तेव्हा त्याच्या शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं होतं, कल्ले तोंडाकडे दुमडलेले होते आणि आठवडाभर त्याच्या पोटात काही नव्हतं. गांडूळ नाकासमोर धरलं की मान फिरवायचा. मग मध्येच सगळ्या टाकीभर सैरावैरा पळायचा, काचेवर आपटायचा आणि पुन्हा वर येऊन आडवा. गेल्या आठवड्यात अंगावरची कातडी बुळबुळीत होऊन तिचे पापुद्रे सुटायला लागले.

कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांकडे डबा घेऊन गेले. त्यांनी झाकण उघडलं, बघितलं, झाकण लावलं. म्हणाले, पाण्यात दोष आहे. मी त्यांच्या दवाखान्यात उभी राहून सांगितलं की पाण्यातलं मला शिकवू नका. बाहेर बसलेली कुत्रीसुद्धा गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी बाटलीत भरून कामावर नेलं. माझ्या टेबलावर ठेवलं, गोळी टाकली. शून्य. आणखी एक टाकली. शून्य. मी बाटली आपटली असणार, कारण पलीकडची उठली. तिनं माझ्या समोरची बाटली उचलली, तिच्या खणातली दुसरी गोळी टाकली, हलवली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. पाणी गडद गुलाबी.

जानेवारीच्या दहा तारखेपासून आपल्या केंद्रात क्लोरीनबरोबर अमोनिया घालतात, धाकट्या. दोन्ही मिळून जे होतं ते लांबच्या नळापर्यंत टिकतं, म्हणून. ते बादलीत एक दिवस काय, आठवडाभर ठेवलं तरी उडून जात नाही. मी टाकत होते त्या गोळीला ते दिसत नाही, तिच्या गोळीला दिसतं. माणसानं प्यायलं तर काही होत नाही. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्याचे कल्ले भाजतात. आणि जो अमोनिया मी त्याच्या घाणीचा समजत होते तो नळातूनच येत होता. म्हणजे अमोनिया दिसला की मी पाणी बदलायची, पाणी बदललं की अमोनिया आणखी वाढायचा, की मी आणखी बदलायची. रोज दोन बादल्या. कंबर मोडेपर्यंत मी त्याच्या अंगावर विष ओतत होते.

याचं परिपत्रक निघालं होतं. पलीकडच्या बाईनं रजिस्टर आणून दाखवलं. त्या दिवशी अकरा परिपत्रकं होती, 'वाचले' असं छापलेल्या रकान्यात अकराही ठिकाणी माझी सही आहे. मला आठवतंय, एका हातात डबा होता, घरी जायची घाई होती, उभ्या-उभ्या सह्या ठोकल्या. इतक्या वर्षांनी मला कोण काय नवीन सांगणार, असं वाटलं असणार. शेवटचीच ओळ होती: घरी मासे व इतर जलचर पाळणाऱ्यांनी पाण्यावर योग्य ते द्रावण वापरूनच ते टाकीत घालावे.

मी तिला विचारलं, तुला माहीत होतं माझ्या घरी असलं जनावर आहे, मग तोंडात काय धरलं होतंस? ती शांतपणे म्हणाली, तुम्हाला काही सांगायला गेलं की तुम्ही अंगावर येता. सही दिसली, म्हटलं वाचलंच असेल. मी पुन्हा अंगावर गेले. सगळी प्रयोगशाळा बघत होती.

आता दुसरं. ते द्रावण म्हणजे तुझी निळी बाटली. ती मी उघडलीच नव्हती. तिच्या झाकणावरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच होतं. तू दोन रेघा मारल्यास म्हणून मी ती फडताळावर ढकलून दिली, आणि तुला लिहिलं की सगळं तुझ्या सूचनांप्रमाणे. हे वाक्य पेनातून इतकं सहज आलं की मला थांबावंही लागलं नाही. मग पंधरा तारखेचं खोटं पहिलं झाकायला लिहिलं. तू सात बाटल्या त्या खोक्यामागे कशा जमवल्यास ते मला या महिन्यात कळलं. क्षमा केली असं समजू नकोस. कळलं एवढंच म्हणतेय, राग जिथल्या तिथं आहे.

मख्ख्या सध्या फ्रिजमध्ये आहे. हसू नकोस. गारव्यात त्याचं शरीर संथ होतं, दम खायला वेळ मिळतो, असं असली जनावरं पाळणाऱ्या एका बाईनं फोनवर सांगितलं. झाकणाचा मोठा डबा, त्यात थेंब टाकलेलं पाणी, रोज सगळं बदलायचं. एकदा कोऱ्या चहाचं फिकट पाणी घालून त्यात दहा मिनिटं ठेवलं, सुटलेल्या कातडीला बरं असतं म्हणे. दूध खालच्या कप्प्यात गेलंय. शेजारीण विरजण मागायला आली आणि फ्रिज उघडून किंचाळली, तिलाही मी बोलले.

आणि या जनावरांचं तुटलेलं सगळं पुन्हा उगवतं, कल्लेसुद्धा, हे मला पत्रातून ऐकवू नकोस. मी वाचलंय. त्यासाठी आधी जगावं लागतं.

दारू सोडतोयस ती त्याच्यासाठी, असं तू गाडीत बसताना म्हणाला होतास. ताईसाठी नाही, मख्ख्यासाठी. मला तेव्हाही राग आला होता. आता रोज सकाळी फ्रिजचं दार उघडताना तेच वाक्य कानात येतं.

ताई


७ मार्च

धाकट्या,

मी आधी समुपदेशकबाईंना फोन केला आहे. हे पत्र त्या तुझ्या हातात देतील आणि तू वाचेपर्यंत तिथंच बसतील. त्यांना बसू दे, 'मी ठीक आहे' म्हणून बाहेर काढू नकोस.

मख्ख्या मंगळवारी सकाळी गेला.

रविवारी त्यानं अर्धं गांडूळ खाल्लं होतं. मी शेजारणीला हाक मारून दाखवलं, दोघी डब्यावर वाकून बघत होतो. मंगळवारी डबा काढला तर तो तळाशी होता, सरळ, अगदी पूर्वीसारखा, आणि मला क्षणभर बरंच वाटलं. मग पाणी बदलायला घेतलं तरी हलला नाही. मी त्याला प्रयोगशाळेच्या आवारात पुरलं, कुंपणालगत. खड्डा पलीकडच्या टेबलावरचीनं खणला, कारण मला वाकता येत नव्हतं.  

आणि बुधवारी तुझं पत्र आलं. माझं कबुलीचं पत्र तुला मिळायच्या आधी लिहिलेलं. मी ते चपला न काढता दारातच वाचलं.

तू लिहितोस, तुला पहिल्या पत्रातच कळलं होतं. धडधाकट असला की तो तळाशी असतो, वर येऊन तरंगतो म्हणजे त्याचं काहीतरी बिघडलंय, हे मी लिहिलं तिथंच तू ओळखलंस. आणि ती खोडलेली ओळ होती, 'ताई, थेंब टाकतेस ना?' तीन वेळा लिहिलीस आणि तिन्ही वेळा खोडलीस. कारण काय तर ताई चिडेल.

धाकट्या, तीन आठवडे होते. ते चार शब्द खोडले नसतेस तर मी चिडले असते, तुला चार पानं शिव्या लिहिल्या असत्या आणि तुला खोटं पाडायला म्हणून का होईना, ती बाटली उघडली असती. त्याचे कल्ले तेव्हा शाबूत होते. तुझं पत्र मी चुरगाळून भिंतीवर मारलं. तिथं बसून, वेळच वेळ असताना, तुला एक ओळ लिहायची हिंमत झाली नाही. मी काय वाघीण आहे का?

मग चपला काढल्या आणि पत्र उचलून पुढचं वाचलं.

पहिल्यांदा सकाळी उठल्या-उठल्या प्यायलास, तेव्हा तू मला सांगायला आला होतास. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला होतास. मी खिडकीतून वरच्यांशी भांडत होते, पाठमोरी. तू थोडा वेळ थांबलास आणि परत गेलास. तीन वर्षं झाली त्याला, तू आज लिहितोस.

मला ती सकाळ आठवत नाही. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला, की मला ती आठवतसुद्धा नाही. माझ्यासाठी ती रोजच्यासारखीच होती.

काल शेजारणीकडे गेले. विचारलं, खरं सांगा, त्याचं अंग सोलवटतंय ते तुम्हाला दिसलं होतं का? ती पदराशी चाळा करत म्हणाली, दिसलं होतं हो, तुमच्या आधीच. म्हटलं, तुम्ही त्यातल्या जाणकार, आपण कशाला बोला. म्हणजे तिला दिसत होतं, पलीकडच्या टेबलावरचीला माहीत होतं, तुला तर शंभर मैलांवरून कळलं होतं. नाही कळलं ते एकट्या मला, जिच्या घरात तो मरत होता.

तुझ्या दारूचं खापर मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. साफ सांगते. प्यालास तू, थापा तू मारल्यास, बाटल्या तू लपवल्यास. पण मख्ख्याला आपण दोघांनी मिळून मारलं. मी माझ्या तोऱ्यानं आणि तू तुझ्या गप्प बसण्यानं. यातलं माझं मी घेतलं आहे. तुझं तू घे.

आता तुला प्यावंसं वाटत असेल. ज्याच्यासाठी सोडणार होतास तो राहिला नाही, आणि मला त्याच्या जागी आणून ठेवायला दुसरं काही नाही. मला तू हवा आहेस, हे मी तुला कधी म्हटलेलं नाही, कारण दर वेळी त्याआधी काहीतरी रागाचं बोलायचं असायचं. आज ते सगळं बोलून झालंय. तू मला हवा आहेस. या घरात मी एकटी ओरडत असते.

केंद्राकडून एक अर्ज आला आहे. अठ्ठावीस तारखेला तुला न्यायला येणाऱ्या नातेवाइकानं भरायचा. नाव, नातं, पत्ता भरला. पाचवा प्रश्न आहे, घरातील वातावरण शांत आहे का, होय किंवा नाही. मी आधी 'होय'वर खूण केली. मग ती काट मारून 'नाही'वर केली आणि खाली सही केली. प्रत्येक ओळ वाचून केली. असा अर्ज बघून ते तुला माझ्याबरोबर सोडतील का, मला माहीत नाही. समुपदेशकबाईंना मी विचारलंही नाही, पण खोटं लिहून तुला घरी आणणार नाही.

सोडलं, तर एक ठरव. मी चिडणार आहे. पहिल्या दिवशीच चिडेन, बहुतेक गाडीतच. माझा स्वभाव अठ्ठावीस तारखेपर्यंत बदलत नाही. पण प्यावंसं वाटलं तरी सांगायचं, प्यालास तरी सांगायचं, माझं चुकतंय असं दिसलं तरी सांगायचं. मी पाठमोरी असले तर खांद्याला धरून वळव. वरच्यांशी भांडत असले तर भांडण थांबव. ओरडले तर ओरडू दे, दारातून परत जाऊ नकोस. माझं ओरडून झालं की मी ऐकेन, आणि नाही ऐकलं तर पुन्हा सांग.

भीत-भीत आलास तरी चालेल. ये.

तुझ्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर चिडलेली,

ताई